एस्ब्यर्न, लार्स पॉल
एस्ब्यर्न, लार्स पॉल : (१६ ऑक्टोबर १८०८–२ जुलै १८७०). अमेरिकेत जाऊन वसलेल्या स्वीडिश लोकांच्या लूथरन (मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांचा आद्य पाळक, ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक आणि इलिनॉयमधील ऑगस्टाना महाविद्यालयाचा पहिला अध्यक्ष. जन्म स्वीडनमधील डेल्स्बू येथे. लहानपणीच तो पोरका झाला. उप्सालात शिक्षण घेतल्यावर १८३२ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढची बरीच वर्षे तो ऑस्लेटफोर्स या कारखान्याच्या गावी पाळक आणि शाळामास्तर होता.

त्या काळच्या स्वीडनमध्ये लूथरन चर्च हे राजसत्तेचेच एक अंग होते. पाळकाखेरीज इतरांनी घरात जमून प्रार्थनासभा घेणे १७२६ च्या कायद्याने गुन्हा ठरत असे; हा कायदा १८५८ पर्यंत टिकला. जॉर्ज स्कॉट या मेथडिस्ट (दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या) प्रचारकाच्या प्रभावामुळे एस्ब्यर्न दारूबंदीचा आणि वैयक्तिक भक्तीच्या पुनरुज्जीवनाचा कैवारी झाला. असा माणूस वरिष्ठांना फारसा रुचणे शक्य नव्हते. तरीही तो चर्च सोडून गेला नाही. चर्चचे सरकारीपण त्याला नको होते, शिकवण मात्र तीच हवी होती. त्याच्या पुढच्या साऱ्या भांडणांचे मूळ इथे आहे.

१८४९ मध्ये सुमारे १४० जणांच्या जथ्याबरोबर तो सहकुटुंब अमेरिकेला निघाला. प्रवासात त्याचे दोन मुलगे दगावले आणि शिकागोत त्याला स्वतःला पटकीने गाठले. बरा होऊन तो इलिनॉयमधील अँडोव्हरला पोचला, तेव्हा त्याच्या माणसांपैकी काहींना योनास हेडस्ट्रम या स्वीडिश मेथडिस्टाने आपल्याकडे वळवले होते. १८ मार्च १८५० रोजी एस्ब्यर्नने मंडळी स्थापन केली, तीत माणसे जेमतेम दहा. मोलीन आणि गेल्सबर्ग येथील मंडळ्याही त्यानेच उभ्या केल्या. पोटासाठी मात्र त्याला अमेरिकन होम मिशनरी सोसायटी या बिगर-लूथरन संस्थेच्या मदतीवर राहावे लागले.

चर्चच्या इमारतीसाठी १८५१ मध्ये तो पूर्वेकडील शहरांत वर्गणी मागत फिरला. अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेली विख्यात स्वीडिश गायिका येनी लिंड हिने त्याला १,५०० डॉलर दिले आणि बांधकाम मार्गी लागले. ते चालू असतानाच अँडोव्हरमध्ये पटकीची साथ आली. नव्याने आलेल्या आजारी लोकांची सोय इमारतीच्या तळघरात करण्यात आली. मनोऱ्यासाठी आणलेले लाकूड शवपेट्यांना लागले, असे तिथे सांगतात. १८५४ मध्ये चर्चचे समर्पण झाले, ते मनोऱ्याविनाच. ‘येनी लिंड चॅपेल’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू आजही उभी आहे. या धामधुमीत, १८५२ मध्ये, त्याची पत्नी अमालिया वारली. दुसरी पत्नी हेलेनाही वर्षभरात गेली.

पंथाच्या शिकवणीबाबत तो एका शब्दाचीही सूट देत नसे. १८५१ मध्ये तो उत्तर इलिनॉय सिनॉडमध्ये, म्हणजे तिथल्या लूथरन मंडळ्यांच्या संघात, सामील झाला. त्या सिनॉडच्या घटनेत आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकारातील (लूथरन पंथाच्या मूळ श्रद्धाघोषणेतील) मांडणी ‘बहुतांशी बरोबर’ असल्याचे म्हटले होते. एस्ब्यर्नला ते ‘बहुतांशी’ खपले नाही. आपली मंडळी लूथरन विश्वासग्रंथांची मांडणी बरोबर मानते, अशी स्वतंत्र नोंद त्याने इतिवृत्तात करवून घेतली. मेथडिस्ट प्रचारकाकडून स्फूर्ती घेतलेल्या माणसाने अमेरिकेतल्या लूथरनांना लूथरन शिकवणीची आठवण करून द्यावी, यात गंमत आहेच.

स्प्रिंगफील्ड येथील ‘इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटी’त १८५८ मध्ये त्याची स्कँडिनेव्हियन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. नावावरून ती सरकारी वाटली, तरी संस्था लूथरनांचीच होती. तिथले सैल वातावरण आणि सहकाऱ्यांशी होणारे खटके यांना कंटाळून मार्च १८६० मध्ये त्याने राजीनामा दिला आणि तो शिकागोला गेला. बहुतेक स्कँडिनेव्हियन विद्यार्थीही त्याच्यामागोमाग गेले. सिनॉडला न विचारता उचललेले हे पाऊल नियमाला धरून नव्हते. पण फूट अटळ झाली ती त्यानेच. ५ जून १८६० रोजी विस्कॉन्सिनमधील जेफरसन प्रेअरी येथे स्वीडिश आणि नॉर्वेजियन मंडळ्यांनी स्वतःचा सिनॉड स्थापला. आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकाराच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ‘ऑगस्टाना’ ठेवले. अध्यक्षपद त्याचा सहकारी तूवे हासेलक्विस्टकडे गेले. एस्ब्यर्न शिकागोत सुरू झालेल्या, पाळक घडवणाऱ्या अध्यापनपीठाचा अध्यक्ष झाला आणि एकमेव प्राध्यापकही.

१८६२ मध्ये निधी गोळा करण्यासाठी तो स्वीडनला गेला. राजा पंधरावा चार्ल्स याने आपल्या संग्रहातील सुमारे ५,००० ग्रंथ अध्यापनपीठाला दिले. इकडे सिनॉडने अध्यापनपीठ शिकागोहून पॅक्स्टनला हलवण्याचे ठरवले. तिथे इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या जमिनी स्वीडिश लोकांना विकून मिळणाऱ्या दलालीचा आधार होता. एस्ब्यर्नला शहर सोडणे पसंत नव्हते. १८६३ मध्ये तो कायमचा मायदेशी परतला आणि त्याची जागा हासेलक्विस्टने घेतली. अध्यापनपीठ १८७५ मध्ये रॉक आयलंडला गेले, ते आजच्या ऑगस्टाना महाविद्यालयाचे ठिकाण.

अखेरची सात वर्षे एस्ब्यर्न ऑस्टरव्होला येथे, ज्या सरकारी चर्चमधून तो निघाला होता त्याच चर्चचा, पाळक होता. तिथेच तो वारला. त्याच वर्षी ऑगस्टाना सिनॉडमधून नॉर्वेजियन मंडळ्याही वेगळ्या झाल्या.