टी-शर्टावरचा गणपती पहिल्या धुण्यातच का गेला?

यंदा आमच्या राजवाड्याजवळच्या मंडळानं पोरांसाठी टी-शर्ट छापून घेतले. छापणारा म्हणाला सब्लिमेशन आहे, कशावरही चालतं, लाइफटाइम रंग. इंदूर एके काळी सूतगिरण्यांचं गाव, तेव्हा कॉटनचा अभिमान असणारच, म्हणून आम्ही हौसेनं शंभर टक्के कॉटन घेतलं, आणि पहिल्या धुण्यात बाप्पा इतके फिके झाले की मुकुटावरून ओळखावं लागलं. सगळे म्हणाले इंक हलकी होती. मला विचाराल तर इंक ठीकच होती, कापड चुकलं.

सब्लिमेशन म्हणजे घन पदार्थ पातळ न होता थेट वाफ होणं. आम्ही हिंदी शाळेत याला ऊर्ध्वपातन म्हणून घोकलं, महाराष्ट्रातली भावंडं संप्लवन म्हणतात. देवघरातल्या वाटीतला कापूर चार-आठ दिवसांत नाहीसा होतो ना, तेच. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की कापूर घरातली निगेटिव्ह एनर्जी खातो. अहो, तो काही खात नाही, स्वतःच उडून जातो, डबी उघडी ठेवा, तिथेही तेच होईल.

या छपाईत चित्र आधी ट्रान्सफर पेपर नावाच्या कागदावर छापतात आणि मग गरम दाबून कापडावर उतरवतात. त्या कागदाच्या इंकमध्ये डिस्पर्स डाय नावाचे रंग असतात. हे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक दळून पाण्यात नुसते तरंगत ठेवतात. मोठ्या ऑर्डरचा कागद ग्रॅव्ह्युअरच्या कोरलेल्या रोलरवर छापतात, थोडा असेल तर स्क्रीनच्या जाळीतून, आणि आता गल्लीबोळात इंकजेट आलंय. त्यात बहुधा पिझो हेड असतं, म्हणजे विजेचा झटका बसला की क्रिस्टल वाकतो आणि थेंब बाहेर ढकलतो. चित्र उलटं छापायचं, नाहीतर सोंड दुसऱ्या बाजूला जाते.

खरी गंमत हीट प्रेसखाली आहे. साधारण 200 अंश, मिनिटभराच्या आतबाहेर. कागदावरचा रंग वाफ होतो. पॉलिएस्टरचं मेल्टिंग 255-260 अंशांच्या आसपास, म्हणजे ते वितळत नाही, पण 70-80 अंशांच्या वर (याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात) त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या, जिथे त्या शिस्तीत रचलेल्या नसतात तिथे, हलायला लागतात, मधे फटी पडतात. रंगाचे रेणू लहान, विद्युतभार नसलेले, पाण्याचा कंटाळा असलेले, आणि पॉलिएस्टरही तसंच, म्हणून ते एकेकटे त्या फटींत शिरतात आणि तिथेच विरघळतात. हो, घनात घन, साखर पाण्यात जावी तसं. गार झालं की फटी आवळतात आणि रंग आत कैद. म्हणून हात फिरवला तरी छपाई जाणवत नाही. कागदावर मळकट दिसणारा लाल कापडावर भडक होतो तोही यामुळेच, कागदावर रंगाचे कण असतात, कापडात सुटे रेणू.

कॉटनचं सगळं उलट. कॉटन म्हणजे सेल्युलोज, त्याला पाणी प्रिय, या रंगाशी त्याचं जमत नाही, तापवून साखळ्या सैलही होत नाहीत. रंग वरवर बसतो आणि साबणाबरोबर जातो. मिक्स कापडात फक्त पॉलिएस्टरच्या वाट्याचा रंग टिकतो, आजकाल त्यालाच विंटेज लुक म्हणून विकतात.

काळ्या टी-शर्टावर का नाही? रंग पारदर्शक, आणि पांढरी सब्लिमेशन इंक नसते. पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांनी प्रकाश विखुरून येतो, ते कण 200 अंशांना कसले उडतायत! कॉटनसाठी डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) आहे, पण त्यात फिल्मवर छापलेला पिगमेंट, म्हणजे न विरघळणारा रंग, गोंदाच्या पावडरनं चिकटवतात, वेगळंच प्रकरण.

शेवटी मी हट्टानं पॉलिएस्टरवर दुसरा लॉट काढायला लावला. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्यांबरोबर (मिरवणुकीतल्या चित्ररथांबरोबर) फिरून पोरं परत आली, बाप्पा लखलखीत. "काका, रंग राहिला, पण आम्ही घामानं निथळलो!" म्हणे. आता पाण्याचा कंटाळा असलेलं कापड घाम कुठून पिणार.