क्वेसार की पल्सार? औंढ्यातल्या पोरांचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार हे कळल्यापासून इकडची पोरं आकाशाबद्दल भरभरून विचारतात. त्यांच्याशी बोलताना एक गल्लत मला हमखास सापडते. पल्सार हे नाव मोटारसायकलमुळे तोंडात बसलेलं असतं आणि क्वेसार म्हणजे त्याचाच भाऊ, असं त्यांना वाटतं. दोघांचे क्ष-किरण टिपले जातात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा. सूर्याहून कितीतरी जड तारा फुटतो आणि मागे जेमतेम वीस किलोमीटर रुंदीचा न्यूट्रॉन तारा उरतो. तो झोत फेकत गरगर फिरतो. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस बॅटरी घेऊन स्वतःभोवती फिरला, तर बांधावरच्याला ठरावीक वेळाने झोत दिसेल, तसंच हे. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार दर १.३३ सेकंदांनी ठोका देत होता. वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला तीस ठोके देतो, तेही क्ष-किरणांत. तो आपल्याच आकाशगंगेत आहे, साधारण ६,५०० प्रकाशवर्षांवर.

क्वेसार मात्र तारा नाहीच. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी कन्या राशीतल्या '३सी २७३' या ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या उजेडाचा रंगांचा पट्टा वाचला. त्यातल्या रेषा सुमारे १६ टक्के लाल बाजूला सरकलेल्या होत्या. विश्व फुगतंय, म्हणून वस्तू जितकी दूर तितक्या तिच्या रेषा जास्त सरकतात. म्हणजे तो ठिपका दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर होता, आणि तरी दिसत होता! त्या उजेडामागे एका दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहाच्या केंद्रातलं अजस्र कृष्णविवर आहे. विवर स्वतः काळंच, पण त्यात पडणारा वायू तबकडीसारखा फिरत तापतो आणि झळाळतो. तबकडीजवळ अतितप्त इलेक्ट्रॉन असतात. तबकडीचा अतिनील प्रकाश त्यांच्यावर आदळून ऊर्जा घेतो आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतो.

खरा फरक इथेच कळतो. पल्सारला ताल आहे, क्वेसारला नाही. त्याचे क्ष-किरण तासांत, दिवसांत वेडेवाकडे कमी-जास्त होतात. मला तर ही चंचलताच सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यावरून आकार कळतो. पैठणहून निघालेल्या नाथांच्या दिंडीत पुढच्याने दिलेली हाक शेवटच्या वारकऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. लांबलचक रांग एका क्षणात गप्प होऊ शकत नाही. तसंच, एखाद्या स्रोताचे क्ष-किरण दिवसभरात निम्मे झाले, तर तो फार तर एक प्रकाशदिवस, म्हणजे प्रकाश दिवसभरात कापतो तेवढा, सुमारे २,६०० कोटी किलोमीटर रुंद असणार, कारण प्रकाशाहून वेगाने कुठलीच हाक जात नाही. त्याच्या भोवतीची दीर्घिका लाखभर प्रकाशवर्षांची असू शकते!

क्ष-किरण आपली हवा गिळून टाकते, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. १९९९ मध्ये गेलेली 'चंद्रा', खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, आणि २०१५ मधला आपला 'ॲस्ट्रोसॅट' त्यासाठीच. आरशावर सरळ आदळलेला क्ष-किरण परतत नाही, म्हणून आरसे नळीसारखे ठेवून तो अगदी तिरका घसरवावा लागतो. चपटा खडा तळ्यात तिरका फेकला तरच पाण्यावरून उड्या मारतो, तसा.

दूरच्या क्वेसारचे क्ष-किरण मात्र एकेक मोजावे लागतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'यूएचझेड१' या अतिदूरच्या क्वेसारसाठी चंद्रा एकूण दोन आठवडे एकाच जागी बघत होती. शिवाय वाटेतल्या 'एबेल २७४४' या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने तो उजेड भिंगासारखा वाढवला होता. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय सुमारे ४७ कोटी वर्षं होतं. इतक्या लवकर एवढं मोठं कृष्णविवर कसं तयार झालं, हा खगोलशास्त्रातला आजचा मोठा प्रश्न आहे.

"मग औंढ्यातून क्वेसार दिसेल का?" पोरं विचारतात. नाही. लायगो उजेड बघत नाही, गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग टिपते. पल्सारच्या जातीचे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तर त्यांची लहर तिला कळेल. क्वेसारमधली अजस्र विवरं आदळली, तर त्यांच्या लहरी इतक्या संथ असतात की लायगोला त्या जाणवणारच नाहीत.