महिला क्रीडासंघटनेची शताब्दी

महिला क्रीडासंघटनेची शताब्दी : स्त्रियांच्या एखाद्या खेळाचे राष्ट्रीय पातळीवर नियमन करणाऱ्या संस्थेला शंभर वर्षे झाल्याचा सोहळा. शतकमहोत्सव, शतकपूर्ती हे शब्दही रूढ आहेत. आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड या देशांतील काही संस्थांनी हा टप्पा गाठला आहे. भारतात केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या राष्ट्रीय संस्था उशिराच्या असून त्यांतील प्रमुख संस्था पुढे संयुक्त संस्थांत विलीन झाल्या. त्यामुळे शताब्दी कोणाची आणि कोणत्या तारखेपासून मोजायची, हाच या विषयातला मुख्य वाद ठरतो. मराठवाड्यात राज्यबदल, कालगणना व जिल्हाविभाजन यांमुळे तो अधिकच गुंतागुंतीचा होतो.

गणनेची रीत : मराठीत पंचवीस वर्षांना रौप्य, पन्नासांना सुवर्ण, साठांना हीरक आणि पंचाहत्तरांना अमृतमहोत्सव म्हणतात. पंचाहत्तरीलाच ‘हीरक’ म्हणण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. तो ग्राह्य धरू नये. शताब्दी मात्र एका दिवसाची नसते. शंभराव्या वर्षात पदार्पण झाले की ‘शताब्दी वर्ष’ सुरू होते आणि शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर त्याची सांगता होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव मराठवाड्यात याच रीतीने झाला : मुक्तीचा दिवस १७ सप्टेंबर १९४८, महोत्सवी वर्षाचा प्रारंभ १७ सप्टेंबर २०२२ आणि सांगता १७ सप्टेंबर २०२३. या हिशोबाने ऑक्टोबर १९२६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे शताब्दी वर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. इंग्रजीभाषक देशांतील संस्था साधारणतः संपूर्ण २०२६ हेच वर्ष धरतात. स्मरणिकांमध्ये एक वर्षाचा जो फरक आढळतो, तो बहुधा यातूनच येतो. त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही.

स्थापनेची तारीख : संस्थेच्या जन्माच्या निदान चार तारखा संभवतात. पहिली चर्चा, पहिली रीतसर सभा, कायदेशीर नोंदणी आणि वरिष्ठ संस्थेची संलग्नता. इंग्लंडची महिला क्रिकेट संघटना हे याचे चांगले उदाहरण आहे. १९२६ च्या उन्हाळ्यात क्रिकेट खेळण्यासाठी मॅल्व्हर्नजवळ जमलेल्या स्त्रियांनी संस्था काढण्याचे ठरवले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती रीतसर उभी राहिली. म्हणजे एकाच वर्षात दोन वाढदिवस. त्याआधीही स्त्रियांचे संघटित क्रिकेट होतेच. यॉर्कशरमधील व्हाइट हेदर क्लब १८८७ चा आहे आणि स्त्रियांच्या सामन्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद २६ जुलै १७४५ ची, सरे परगण्यातील गॉस्डेन कॉमनवरील ब्रॅम्ली व हॅम्बल्डन या गावांच्या सामन्याची आहे. तेव्हा १९२६ ची शताब्दी राष्ट्रीय संघटनेची आहे, खेळाची नव्हे. हे उघड वाटते, पण गौरवलेखांत दोहोंची सरमिसळ सर्रास होते. या संघटनेच्या संघाने १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन ब्रिस्बेनला स्त्रियांचा पहिला कसोटी सामना खेळला. स्त्रियांचा विश्वचषक १९७३ मध्ये, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेआधी दोन वर्षे झाला. १९९८ मध्ये सभासदांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले आणि संघटना इंग्लंड व वेल्स क्रिकेट मंडळात सामावली गेली. लॉर्ड्सवर स्त्रियांचा पहिला कसोटी सामना इंग्लंड व भारत यांच्यात २०२६ साठी ठरवण्यात आला. ज्या संघटनेच्या शंभरीच्या वर्षात तो येतो, ती त्याआधी २८ वर्षे अस्तित्वातच उरली नव्हती.

हॉकीचा इतिहास याहून जुना आहे. आयरिश लेडीज हॉकी युनियन (१८९४) ही स्त्रियांची पहिली राष्ट्रीय हॉकी संस्था मानली जाते. अमेरिकेतील महिला हॉकी संस्था १९२२ ची. इंग्लंडमधील स्त्रियांनी १८९५ मध्ये पुरुषांच्या हॉकी असोसिएशनकडे संलग्नता मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःची वेगळी संस्था चालवली आणि पदाधिकारीही स्त्रियाच ठेवल्या. नकारातून जन्मलेल्या या संस्थेची शताब्दी १९९५ मध्ये झाली आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच ती पुरुषांच्या संस्थेबरोबर एका छत्राखाली आली. आयरिश युनियनचेही २००० मध्ये तसेच झाले. शताब्दी आणि विसर्जन इतके लागोपाठ यावे, यात योगायोग किती आणि सरकारी अनुदानाचा रेटा किती, याबद्दल मतभेद आहेत. एकच नियामक संस्था असल्यास निधी देणे सोपे जाते, ही बाजू अधिक वजनदार वाटते.

नेटबॉल या बास्केटबॉलसारख्या खेळात ही अडचण जवळजवळ नाही. न्यूझीलंडमधील संस्था १९२४ ची, इंग्लंडमधील १९२६ ची आणि ऑस्ट्रेलियातील १९२७ ची. तिन्ही देशांत हा खेळ मुख्यतः स्त्रियांचाच राहिल्याने पुरुषांच्या संस्थेत मिसळण्याचा प्रसंग आला नाही. न्यूझीलंडची संस्था मात्र ‘बास्केटबॉल’ या नावाने निघाली होती. ‘नेटबॉल’ हे नाव तेथे १९७० मध्ये आले. नाव बदलले तरी संस्था तीच, यावर फारसा वाद नाही. अमेरिकेतील महिला हॉकी संस्था १९२२ ची.

विलीन संस्थेची शताब्दी : याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार संस्था कायद्याने संपली की तिची वर्षगणनाही संपते. पुढचा सोहळा म्हणजे केवळ स्मरण. दुसऱ्या मतानुसार राष्ट्रीय संघ, सामन्यांच्या नोंदी आणि पदार्पणाच्या क्रमाने खेळाडूंना दिलेले क्रमांक पुढे चालू राहिले असतील, तर संस्थेची परंपरा वारस मंडळात टिकून राहते. पहिले मत वकिली दृष्ट्या निर्दोष असले, तरी दुसरे व्यवहाराला धरून आहे. क्रिकेट मंडळे जुन्या संघटनेच्या काळातील कसोटी सामने आपल्या आकडेवारीत मोजतात, तेव्हा वर्षेही मोजणे ओघानेच येते. मात्र वारसाने पूर्वजाचे दप्तर सांभाळले पाहिजे. १९२१ मध्ये फ्रान्सच्या आलिस मिलिया यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा महासंघ १९३६ च्या सुमारास बंद पडला. त्याला वारस संस्था नाही. त्याची शंभरी अभ्यासकांनीच लक्षात ठेवली.

भारत : भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी १९७३ मध्ये लखनौ येथे झाली. महेंद्रकुमार शर्मा हे तिचे संस्थापक आणि बेगम हमीदा हबीबुल्ला या पहिल्या अध्यक्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ उतरले. तिनांतले दोन मराठी मुलखातले होते, हे सहसा कोणी लक्षात आणून देत नाही. भारताने पहिला महिला कसोटी सामना १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला. २००६ च्या सुमारास ही संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला तो या मंडळाच्या छत्राखाली. वरील दुसरे मत मान्य केल्यास भारतीय महिला क्रिकेट संघटनेची शताब्दी २०७३ मध्ये येईल. हॉकीतही पुरुष व महिला महासंघांच्या जागी २००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही एकच संस्था आली.

मराठवाडा : येथील संस्थांच्या वर्षगणनेत तीन अडथळे आहेत. पहिला कालगणनेचा. निजामी राजवटीतील कागदपत्रांत फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेली महसुली कालगणना, वापरात होता. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. इसवी सन काढण्यासाठी वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि त्यापुढे ५९१ मिळवावे लागतात. सरसकट ५९० मिळवणाऱ्यांची जानेवारी ते सप्टेंबरमधील प्रत्येक तारीख एक वर्षाने मागे जाते. फसली १३३६ म्हणजे १९२६–२७. ऑक्टोबरच्या आरंभीची घटना असेल, तर चार-सहा दिवसांच्या फरकाने फसली सनच बदलतो. त्या काळी संस्थानात संस्थांच्या नोंदणीचा कायदाही १३५० फसलीचा (१९४०–४१) होता.

दुसरा अडथळा राज्यबदलाचा. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. क्रीडासंस्थांची वरिष्ठ संलग्नता हैदराबादहून मुंबई-पुण्याकडे वळली. पुढे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातील नोंद हाच जन्मदाखला समजला जाऊ लागला. जुन्या संस्थेची फेरनोंदणी झाली असेल, तर तिचे वय कागदावर कमी भरते. तिसरा अडथळा जिल्ह्यांचा. संस्थानकाळी मराठीभाषक जिल्हे पाच होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद. जालना १९८१, लातूर १९८२ आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. त्यामुळे लातूरच्या जिल्हा संघटनेने आपले खेळाडू १९७० पासूनचे सांगितले, तर ते खोटे नाही. त्या मुली तेव्हा उस्मानाबादच्या संघातून खेळत होत्या.

या भागात स्त्रियांच्या खेळाची वाढ स्वतंत्र महिला संस्थेतून झाली नाही. खो-खो व कबड्डीत एकाच संघटनेने मुलगे आणि मुली दोन्ही गट चालवले. खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९–६० मध्ये विजयवाड्याला आणि स्त्रियांची त्यानंतरच्या हंगामात कोल्हापूरला झाली. येथे शताब्दीसाठी संस्थेचे वर्ष धरण्यापेक्षा स्त्रियांच्या पहिल्या स्पर्धेचे वर्ष धरणे अधिक न्याय्य होईल. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा पुरस्कार आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हे मराठवाड्यातील मुलींच्या खो-खोचे प्रमुख केंद्र होय. येथील सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले आणि संघाने सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोतील त्याआधीचा अर्जुन पुरस्कार १९९८ चा होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील, तर संघातील अश्विनी शिंदे धाराशिवच्या. पॅरिस येथील २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा ध्वज घेण्याचा मान नांदेडच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांना भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासह मिळाला. नागपंचमीच्या फुगड्या आणि झोके यांना नियामक संस्था नाही, म्हणून त्यांची शताब्दीही नाही.

सोहळ्याचे स्वरूप : बोधचिन्ह, क्रीडाज्योत, ज्येष्ठ खेळाडूंचा सत्कार, प्रदर्शनीय सामना व स्मरणिका हा क्रम सर्वपरिचित आहे. स्मरणिकेचे काम त्यांत सर्वांत कठीण, आणि ते सहसा शेवटच्या महिन्यात सुरू होते. जुन्या गुणपत्रकांवर व प्रमाणपत्रांवर खेळाडूचे माहेरचे नाव असते; लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही. त्यामुळे जिल्ह्याच्या संघात दोन हंगाम खेळलेली एकच स्त्री यादीत दोन व्यक्ती म्हणून येते, किंवा सत्काराचे पत्र तीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर जाऊन परत येते. पुरुष खेळाडूंच्या याद्यांत हा घोळ होत नाही. यावर उपाय म्हणून दोन्ही नावे, खेळलेली वर्षे आणि तेव्हाची शाळा अशी नोंद एकत्र ठेवावी. जिल्हा विभागला गेला असेल, तर तेव्हाच्या जिल्ह्याचे नावही द्यावे.