दातांवर लेझर: कुठे लागतो, कुठे लागत नाही

फोंड्यातील आमच्या दवाखान्यात दातांच्या उपचारांसाठी येणाऱ्या पेशंटांसाठी

हल्ली खुर्चीत बसायच्या आधीच विचारणा होते, "डॉक्टर, लेझरनेच कराल ना?" काम हिरडीचं आहे की दाताचं, त्यावर आमचं उत्तर ठरतं.

आमच्याकडे आहे तो डायोड नावाचा लेझर, ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. टोकाशी चमकतो तो लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी. हिरडीतलं रक्त आणि हिरडीचा रंग हा प्रकाश शोषून घेतात, दाताचं कवच मात्र फारसा शोषत नाही. म्हणून याने हिरडी कापता येते, पण कीड कोरता येत नाही. कीड काढायला अर्बियम या धातूचा लेझर लागतो, २९४० नॅनोमीटरचा. त्याच्या माऱ्याने दातातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि किडलेला भाग कणाकणाने सुटतो. अमेरिकेत १९९७ साली त्याला दात कोरण्यासाठी परवानगी मिळाली. त्याचं यंत्र फार महाग पडतं आणि तो आमच्याकडे नाही. असता तरी जुनं चांदीचं फिलिंग काढायला आणि कॅपसाठी दात घासायला ड्रिलच हातात घ्यावं लागलं असतं.

हिरडीच्या कामात मात्र डायोड खरोखर उपयोगी. अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पडदा राहतो, त्याखाली अन्न अडकून सूज येते. दाढ सरळ असेल तर तो पडदा लेझरने काढता येतो. तारा लावलेल्या मुलांची हिरडी फुगून तारांवर चढते, ती छाटता येते. केसासारख्या बारीक तंतूचं तापलेलं टोक हिरडीवरून फिरतं, कापता कापता रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होत जातात. रक्त थोडं येतं आणि टाके बहुतेकदा लागत नाहीत. किंचित जळका वास येईल, त्याने दचकू नका. धूर ओढायला नळी बाजूलाच असते. भूल मात्र द्यावी लागते. "इंजेक्शनशिवाय लेझर" अशी जाहिरात वाचून आला असाल, तर लहानसहान काम भुलीच्या जेलवर भागतं, बाकीच्याला सुई आहेच.

काळ्या हिरड्या हा बहुतेकदा रोग नसतो, तो अंगाचा रंग असतो. हवं तर लेझरने फिकट करून देतो, पण काही वर्षांत रंग परत येऊ शकतो. दात पांढरे करताना काम जेल करतं. वरून लेझर मारल्याने फार फरक पडत नाही, म्हणून त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. हिरड्यांच्या रोगातही आधी नीट साफसफाई, लेझर त्यानंतरची गोष्ट.

एका बाबतीत आम्ही ठाम आहोत. तंबाखू, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर "लेझरने जाळून टाका" म्हटलं तरी आम्ही जाळणार नाही. आधी तुकडा तपासायला गेला पाहिजे. त्यासाठी बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजची चिठ्ठी देऊ. चट्टा जाळला की तपासायला काहीच उरत नाही.

येताना सगळ्या गोळ्यांची पट्टी आणा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. त्या मनाने बंद करू नका. साखर असेल तर शेवटचा रिपोर्टही हवा. लेझर चालू असताना तुम्ही, आम्ही आणि मदतनीस सगळेच चष्मा लावतो. तो या किरणासाठीच बनवलेला असतो, गॉगल चालत नाही. सोबतच्या माणसाला बाहेर बसावं लागेल.

घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळसर पांढरा थर येईल. बहुतेकांना तो पू वाटतो आणि फोन येतो. तो पू नाही, जखम भरत असल्याची खूण आहे; ब्रशने खरवडू नका. सूज वाढली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर मात्र लगेच कळवा. पहिले दोन-तीन दिवस कोमट पेज, नरम भात, दही चालेल. तोरांचं लोणचं, सोलकढी, तिखट शागोती आणि फेणी टाळा. तंबाखू तर नकोच.

चवथीच्या किंवा बोटीवर रुजू व्हायच्या तोंडावर हिरडीचं काम काढू नका, निदान दोन आठवडे हाती ठेवा. खर्च तपासणीनंतर लिहून देतो, आणि तेच काम साध्या ब्लेडने होत असेल तर तोही दर शेजारी लिहिलेला असतो.