बीड, चरणोई आणि दारातली गंजी

इंदूरजवळ महू, सिमरोळ, तिल्लोर, कंपेलच्या बाजूला ज्या मराठी घरांकडे अजून चार-सहा बिघे जमीन आणि पाच-सात बकऱ्या टिकून आहेत, त्यांच्या दारात दसऱ्यानंतर गवताची गंजी उभी राहते. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं असणार. गाई-बैलांसाठी कडबा आणि भूस साठवणं खरंच जुनं आहे. पण बकरीसाठी गवत कापायचं, वाळवायचं, रचून ठेवायचं, ही आमच्या भागातली फार तर दोन पिढ्यांची गोष्ट. त्याआधी बकरी सकाळी सुटायची आणि पोट भरून दिवेलागणीला परत यायची. तिला दारात बांधून घालायची वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर आधी दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात.

महाराष्ट्रातले नातेवाईक सगळ्यालाच गायरान किंवा कुरण म्हणतात. माळव्यात मात्र बीड वेगळी आणि चरणोई वेगळी. बीड म्हणजे राखलेलं गवत. आषाढापासून तिथे कुठलंच जनावर जायचं नाही, गवत फुलोऱ्यावर येऊन पिकायला लागलं की कापणी व्हायची, आणि कापणी उरकल्यावर उरलेल्या खुंटांवर गुरं सोडायची. चरणोई म्हणजे गावाची चराईची जमीन, बारमाही मोकळी. बीडमधलं गवत विळ्याने घरी यायचं, चरणोईतलं जनावराच्या तोंडाने. पुढे कागदोपत्री दोन्हींची सरमिसळ झाली. काही ठिकाणी बीडची नोंद चरणोई म्हणून झाली, काही ठिकाणी नुसती शासकीय पडीत म्हणून, आणि आज एखाद्या तुकड्यावर वाद उभा राहिला की दोन्ही बाजू एकाच शब्दाचा आधार घेऊन भांडतात.

होळकरशाहीबद्दल इथे थोडक्यातच. घराण्याचा मूळ पुरुष धनगराच्या घरातला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बीड राखल्या गेल्या त्या शेळ्या-मेंढ्यांसाठी नाही, घोड्यांसाठी. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्याला वाळलं गवत दारूगोळ्याइतकंच लागायचं. 1818 च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदुरात आली आणि महूला इंग्रजांची छावणी बसली, म्हणजे घोडे आणि गवताची गरज दोन्ही इथेच राहिले. शिकारीची रानंही अशीच राखलेली होती. राळामंडळची टेकडी त्यातलीच, 1989 पासून ती अभयारण्य आहे. बकरीला या राखलेल्या गवतात कधीच प्रवेश नव्हता. तिचा सगळा भार चरणोईवर, आणि त्याहून जास्त पडीत शेतांवर होता.

ही पडीत शेतं लोक विसरले आहेत. माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी पुष्कळ शेतं पावसाळ्यात रिकामी ठेवत. जमिनीने पाणी पिऊन घ्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा, अशी रीत होती. त्या चार महिन्यांत शेतात आणि बांधांवर जे उगवेल ते बकऱ्यांचं. सत्तरच्या दशकानंतर सोयाबीन आलं आणि बघता बघता सगळ्या पडीत शेतांवर पसरलं. घरात पैसा आला, पक्की घरं झाली, मुलं शिकली, हे मान्यच. पण श्रावणात बकरीला पाय ठेवायला जागा उरली नाही. सोयाबीनने ज्वारीलाही मागे सारलं, म्हणजे कडबा गेला. पुढे गव्हाच्या कापणीला हार्वेस्टर आले. ते लोंबी वरून घेतात आणि ताटं शेतातच सोडतात. त्या उरलेल्या धसकटांना इथे नरवाई म्हणतात. चैत्रात नरवाई पेटवली की भूसही जळतं आणि शेतात फिरून दाणा-पाला टिपण्याची बकरीची सोयही जळते.

एवढं होऊनही चरणोई होती. तिचं काय झालं, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

मध्य प्रदेशाची भू-राजस्व संहिता 2 ऑक्टोबर 1959 ला लागू झाली. तिच्या कलम 237 प्रमाणे गावातल्या कुणाच्याही ताब्यात नसलेल्या जमिनीतून जिल्हाधिकारी चराई, खळं, स्मशान, गावठाण अशा कामांसाठी जागा राखून ठेवतात. चराईचा हिस्सा गावातल्या एकूण शेतजमिनीच्या टक्केवारीत मोजला जातो. हा हिस्सा साडेसात टक्के होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो पाच टक्क्यांवर आला, आणि नवं शतक सुरू होताना दोन टक्क्यांवर. सुटलेली जमीन भूमिहीनांना, मुख्यतः दलित आणि आदिवासी कुटुंबांना, पट्ट्याने द्यायची, असा निर्णय होता.

आकड्यांत बघू. एखाद्या गावात 400 हेक्टर शेतजमीन असेल, तर साडेसात टक्क्यांनी चरणोई 30 हेक्टर होते. पाच टक्क्यांनी 20, दोन टक्क्यांनी 8. म्हणजे त्या गावच्या गुरांच्या तोंडची 22 हेक्टर जमीन दोन हुकमांत मोकळी झाली.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. चरणोई बऱ्याच ठिकाणी नावापुरतीच उरली होती, गावातल्या बळकट लोकांनी बांध सरकवत सरकवत ती आधीच नांगरली होती. मग ज्याला इंचभर जमीन नाही त्याला ती कायद्याने का देऊ नये? हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. पण अतिक्रमण करणाऱ्याकडून जमीन काढून घेणं अवघड होतं, आणि मोकळी पडलेली चरणोई वाटणं सोपं. म्हणून जिथे खरोखर गवत उगवत होतं अशी जमीन वाटणीत गेली. पट्टा हातात पडला तरी जमिनीवर दुसऱ्याचाच नांगर फिरतो आहे, अशीही कितीतरी घरं होती. त्यांना ना शेत मिळालं, ना कुरण राहिलं.

माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात मोठी चूक मोजमापाची आहे. संहितेत ‘कमीत कमी दोन टक्के’ असं आहे. प्रत्यक्षात दोन हा तळ न राहता माथा झाला. शिवाय जनावरं किती आणि गवत किती निघतं, हे कुठेच मोजलं जात नाही. डोंगरउतारावरची खडकाळ आठ हेक्टर आणि ओढ्याकाठची काळी आठ हेक्टर कागदावर सारखीच. आणि बकऱ्या पाळतं कोण? ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे तोच. म्हणजे ज्या घराला पट्टा मिळाला, त्याच घराची चराई गेली. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं, तोवर आमच्याकडे बऱ्याच खसऱ्यांत, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, चरणोई आणि जागेवर उभं पीक, अशी स्थिती झालेली होती.

राखलेलं गवत जिथे टिकलं तिथे काय होतं, हे धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला आणि रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याला दिसतं. पावसाळ्यात तिथे खरमोर, म्हणजे तणमोर पक्षी, येतो आणि उंच गवतात अंडी घालतो. 1983 साली त्याच्यासाठी दोन्हीकडे अभयारण्यं झाली. पावसाळ्यात आत जायचं नाही, कापणी पाऊस सरल्यावर, हा बीडचा जुना नियम या पक्ष्यालाही सांभाळून घेणारा आहे.

शहराजवळच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. 2014 च्या सुमारास 29 गावं इंदूर महापालिकेत आली. नंतर स्वच्छतेच्या मोहिमेत शहरातले गुरांचे वाडे हटवले गेले. सिमरोळला आयआयटी आली, बायपासच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या राहिल्या, कुंपणं आली. बकरी रस्त्यावर सोडायची सोय राहिली नाही. मग गवतच घरी आणावं लागलं.

आता वर्षाचा क्रम असा बसला आहे. पाऊस ओसरला की बांधावरचं, नाल्याकाठचं, कुणा ओळखीच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत कापायचं. मारवेल आणि पवन्या या जातींचं गवत फुलोऱ्यात असतानाच घ्यावं लागतं, उशीर झाला की काडीच हाती येते. कुसळी तर कुसळं धरण्याआधीच कापावी, नाहीतर ती जनावराच्या हिरड्यांत रुततात. सकाळचं दव उडाल्यावर विळा चालवायचा, दोन-तीन उन्हं द्यायची, मध्ये एकदा उलटायचं, मग पेंढ्या बांधायच्या. गंजीखाली दगड आणि बाभळीच्या फांद्या, म्हणजे वाळवी वर चढत नाही. ओलसर पेंढी आत गेली तर बुरशी धरते, आणि तसलं गवत गाभण बकरीपुढे टाकणं म्हणजे करडू गमावणं.

एका बकरीला पाल्याच्या जोडीला रोज अर्धा ते पाऊण किलो वाळलं गवत धरलं, तर सहा बकऱ्यांना फाल्गुन ते ज्येष्ठ या 120 दिवसांत साडेतीन ते साडेपाच क्विंटल लागतं. एवढं गवत दोन माणसांनी विळ्याने कापायचं, तर आश्विन सगळा त्यातच जातो. आमच्याकडे हे काम बायकांचं आहे. पहाटे करडं डालग्याखालून सोडून पाजायची, धारा काढायच्या, बकऱ्यांना बोरी-बाभळीचा पाला टाकायचा, आणि मग कापणीला निघायचं. जमिनीवर पडलेलं, तुडवलेलं गवत बकरी खात नाही, म्हणून पेंढी खांद्याएवढ्या उंचीवर टांगतात. तरीही बरंच खाली सांडतं. ते आणि लेंड्या खड्ड्यात जातात. थर देऊन, ओल राखून, तीनदा उलटून तीन महिन्यांत खत करायची जी रीत शेतीच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवतात, ती 1924 साली इथे सुरू झालेल्या संशोधन केंद्रातच बसवली गेली होती.

हल्ली काही घरं बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावतात, सोयाबीनच्या मळणीनंतरचं कुटार पोत्यांत भरून ठेवतात. गवत कमी पडलं तर विकत घ्यावं लागतं, आणि विकायला येणारं गवत बहुतेक लिलावात गेलेल्या बीडमधलंच असतं. तो ठेका छोट्या घराच्या आवाक्यातला नाही. गावातल्या चार-पाच घरांना मिळून बीडचा एक तुकडा कापायला मागता यावा, एवढी मागणी इथल्या ग्रामसभांमध्ये अधूनमधून होते. ठराव लिहिला जातो, पुढच्या आश्विनात लिलाव पुन्हा अख्ख्या बीडचाच होतो.