हायड्रोसील
अंडकोशात वृषणाभोवती पाणी साठून येणाऱ्या सुजेला हायड्रोसील किंवा जलवृषण म्हणतात. घरात ‘अंडात पाणी झालंय’ एवढेच बोलले जाते, तेही दबक्या आवाजात. या संकोचापायी माणसे वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे फार वाईट आहे.

बाळांमधल्या हायड्रोसीलचे मूळ जन्माआधीचे. वृषण गर्भाच्या पोटात तयार होतात आणि गर्भारपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतून खाली उतरू लागतात. पोटाच्या आतल्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी त्यांच्यासोबत अंडकोशात येते. पुढे तिची वाट बुजायला हवी. ती उघडी राहिली की पोटातले पाणी खाली झिरपते. म्हणून अशी सूज सकाळी कमी आणि दिवसभर खेळून-रडून झाल्यावर संध्याकाळी जास्त दिसते. हा फरक बहुधा आईच्याच लक्षात येतो. तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. वाट बुजून पाणी आतच अडकले, तर सूज दिवसभर सारखी राहते. बहुतेक बाळांत वर्षभरात हे पाणी आपोआप जिरते. १ ते २ वर्षांनंतरही ते राहिले, किंवा सोबत हर्निया (त्याच वाटेने आतडे खाली उतरणे) असला, तर जांघेत लहानशी चीर देऊन ती वाट बांधून टाकतात.

मोठ्या माणसांत वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी जेवढे झिरपते तेवढे शोषले जात नाही. पुष्कळदा कारण सापडत नाही. कधी मार, कधी जंतुसंसर्ग, तर हत्तीरोगाच्या भागात डासांमार्फत शिरलेल्या कृमींनी बिघडवलेल्या लसीकावाहिन्या (शरीरातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कारणीभूत असतात. क्वचित आत वृषणाची गाठही असते, म्हणून मोठ्या वयात नव्याने आलेल्या सुजेची सोनोग्राफी करावीच.

अंधाऱ्या खोलीत सुजेला टॉर्च टेकवला की पाणी लालसर उजळते. मात्र बाळाच्या आतड्यातूनही उजेड आरपार जातो, तेव्हा केवळ टॉर्चच्या भरवशावर हर्निया नाही असे म्हणता येत नाही.

लहान, न दुखणारी सूज तशीच ठेवली तरी चालते. सुईने काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते. त्रासदायक सुजेवर शस्त्रक्रियाच खरी. त्यात पिशवी उघडून जादा आवरण कापतात किंवा उलटे करून शिवतात. नुसत्या हायड्रोसीलने पुरुषत्व जात नाही.

हायड्रोसील सहसा दुखत नाही. अंडकोशात अचानक तीव्र कळ आली, उलट्या झाल्या, तर वृषणाला पीळ पडल्याची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठावे. पीळ ६ तासांच्या आत सुटला तर वृषण बहुधा वाचतो.