प्रोबेशनवरचा माणूस आणि पॅरोलवरचा बंदी
‘तो पॅरोलवर सुटलाय’ हे वाक्य सांगली-साताऱ्याकडे प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाबद्दलही सर्रास वापरले जाते. दोघेही घरी राहतात आणि दोघांवरही सरकारी देखरेख असते, एवढ्यावरून हा घोळ होतो. मात्र देखरेख करणारा त्या माणसाकडे कशा नजरेने पाहतो, हे पाहिले की दोन्ही प्रकार पार निराळे ठरतात.

पॅरोल, म्हणजे कारागृहाच्या कागदांतली अभिवचन रजा, शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार अशा कारणांसाठी मिळते. कळंबा कारागृहातून वाळव्याला आलेला माणूस घरी जेवत असला तरी बंदीच असतो. त्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते, ठरल्या तारखेला परतावे लागते आणि हे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. तो पळाला नाही, एवढ्याशीच ठाण्याला कर्तव्य.

प्रोबेशनचे, म्हणजे कायद्याच्या भाषेतल्या परिवीक्षेचे, तसे नाही. बांधावरच्या भांडणात हात उचललेल्या तासगावच्या तरुणावर दोष सिद्ध झाला, तरी 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालय त्याला शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर), जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकते. तो 21 वर्षांखालचा असेल, तर त्याला तुरुंगात धाडण्याची कारणे न्यायालयाला लेखी नोंदवावी लागतात, आणि तत्पूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो. त्यासाठी अधिकारी घरी जातो, कमावते कोण, दारूचे व्यसन आहे का, भांडणाआधी हा कसा वागायचा, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारतो. अहवाल गोपनीय राहतो. पुढे देखरेखीचा आदेश झाला, तर गरजेनुसार काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे आणि भरपाई फेडायला मदत करणे ही कायद्यानेच अधिकाऱ्यावर टाकलेली कर्तव्ये आहेत. अट मोडली, तर पहिल्या वेळी पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागू शकते. अर्थात मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावली जाऊ शकते.

महिन्याला कार्यालयात येऊन सही करण्यापुरती ही देखरेख उरली, तर ती ठाण्यातल्या हजेरीहून फारशी वेगळी राहत नाही, आणि दोष त्या तरुणाचा नसतो. वर्तणूक समाधानकारक असेल, तर मुदतीआधीच बंधपत्रातून मुक्त करावे, असा अर्ज अधिकारी स्वतः न्यायालयाकडे करू शकतो. पॅरोलवरच्या बंद्यासाठी ठाणेदाराकडे असा कोणताही अर्ज नसतो.